सोलापुरात वजन उतरवताना : साखरेचा हिशेब आणि रोजचे चालणे

वजन कमी करण्यासाठी चालणे आणि गोड कमी खाणे हे दोन उपाय नेहमी जोडीने सांगितले जातात, पण दोघांचे काम वेगवेगळे आहे. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून आणि कपातून जे कमी झाले त्यामुळे. चालण्याने उतरलेले वजन टिकते, पोटाचा घेर कमी होतो, रक्तातील साखर आटोक्यात राहते आणि वजनाबरोबर स्नायू झिजत नाहीत. हा फरक ध्यानात न घेता सारा भर चालण्यावरच दिला, तर महिनाभर रोज घाम गाळूनही काटा जागचा हलत नाही आणि माणूस निराश होऊन चालणेच सोडून देतो.

थोडा हिशेब मांडला की हे स्पष्ट होते. ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालली तर साधारण २५० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७० ते ७५ कॅलरी ती घरी बसून राहिली असती तरी लागल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई पावणेदोनशे कॅलरींच्या आसपास. परतताना दोन गुलाबजाम खाल्ले की ती संपते आणि वर देणे लागते. उलट बाजूने पाहिले तर दोन सपाट चमचे साखरेच्या चहात १० ग्रॅम साखर, म्हणजे ४० कॅलरी असतात. दिवसाला असे पाच कप होत असतील तर ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी केवळ चहातून जातात. ही साखर सोडली तर तासभर चालण्याहून थोडी जास्तच कमाई होते. दोन्ही एकदम केले तर दिवसाला पावणेचारशे कॅलरींची तूट पडते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, त्यामुळे कागदावर महिन्याला दीड किलोपर्यंत वजन उतरू शकते. प्रत्यक्षात ते थोडे कमी उतरते आणि पुढेपुढे आणखी सावकाश, कारण वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो.

आपल्याला वजन कमी करण्याची गरज आहे की नाही, हे आरशात पाहून कळत नाही. भारतीयांच्या बाबतीत तर नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के निघाले. हातपाय किडकिडीत आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण यामुळेच धोक्याची ठरते. म्हणून भारतीयांसाठी मर्यादा कडक ठेवल्या आहेत : बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५९ किलोच्या पुढे सावध व्हावे, ६४ किलोला लठ्ठपणाची रेषा येते.

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे सांगते. कमरेचा घेर पँटच्या पट्ट्यापाशी किंवा साडीच्या निरीपाशी मोजू नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. पहिल्या दिवशी वजन आणि घेर दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवावे. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करावे. रोज काट्यावर उभे राहण्यात अर्थ नाही, कारण शरीरातील पाणी आणि आदल्या दिवशीचे मीठ यांमुळेच अर्धा-एक किलोचा फरक पडतो.

साखर कमी करण्याची सुरुवात किराण्याच्या यादीपासून करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे माणशी दिवसाला साधारण २५ ग्रॅम, पाच चमचे. चार माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला ३ किलो साखर पुरायला हवी. त्यात गूळ आला, बिस्किटे आली, बाहेरची मिठाई आणि थंड पेयेही आली. घरात महिन्याला नुसती साखरच पाच-सहा किलो भरली जात असेल, तर कोण किती खाते याची चर्चा करत बसण्यापेक्षा पुढच्या यादीत एक किलो कमी लिहावी. डब्यात साखर असली की ती वापरली जाते. नसली की हात आपोआप आखडतो. दर महिन्याला अर्धा किलो याप्रमाणे उतरत गेले तर घरात कोणाचीच कुरकुर होत नाही.

सोलापूरकराच्या दिवसात चहा कितीदा येतो हे वेगळे सांगायला नको. सकाळी उठल्यावर, कामावर पोचल्यावर, अकरा वाजता, चार वाजता आणि कोणी भेटले की त्याच्याबरोबर. अडचण अशी की बहुतेक घरांत चहाचे आधण ठेवतानाच साखर पातेल्यात पडते. मग एकट्याने कमी घेण्याची सोयच उरत नाही. पहिला बदल इथे करावा : चहा बिनसाखरेचा उकळावा आणि साखर ज्याच्या त्याच्या कपात घालावी. दोन चमचे घेणाऱ्याने एकदम फिक्का चहा घेऊ नये, चार दिवसांत कंटाळा येतो. आधी दीड चमचा, आठ-दहा दिवसांनी एक, मग अर्धा. दीड-दोन महिन्यांत जिभेला सवय होते आणि पूर्वीचा चहा पाकासारखा वाटू लागतो. आले, गवती चहा, वेलची यांनी ही उणीव बरीच भरून निघते. हॉटेलात आणि टपरीवर चहा तयारच गोड असतो. तिथे बिनसाखरेचा वेगळा करून मागावा, नाहीतर अर्धा कप घेऊन थांबावे. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटे हा स्वतंत्र खर्च आहे. एकट्या चहाची साखर तोडून बशीतली चार बिस्किटे तशीच ठेवली तर काही साधत नाही.

साखरेऐवजी गूळ घेतला की काम झाले, असा समज पक्का रुजलेला आहे. गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार असतात हे खरे, पण १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी तर तितक्याच गुळात सुमारे ३८० असतात. वजनाच्या दृष्टीने दोन्ही एकच. मध आणि खजुराचा पाक यांचेही तेच. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. जिभेची गोडीची मागणी कमी करणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

उसाच्या जिल्ह्यात रसाचा विषय टाळता येत नाही. उन्हाळ्यात रस्तोरस्ती रसवंत्या लागतात आणि रस हे औषधी, थंड पेय मानले जाते. बर्फ वगळून पाव लिटर रस धरला तर त्यात ३० ग्रॅमच्या पुढे साखर असते, म्हणजे दिवसभराचा कोटा एका ग्लासात संपतो. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीतही २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तहानेसाठी पाणी, मीठ-जिरे घातलेले पातळ ताक किंवा साखर न घातलेले लिंबूपाणी घ्यावे. रस प्यायचाच असेल तर महिन्यातून एखाद्या वेळी, लहान ग्लास, आणि तो जेवणावर नव्हे. पातळ पदार्थातून आलेल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखे वाटत नाही; त्या पोटात जातात आणि भूक जशीच्या तशी राहते.

सणाच्या गोडाला मात्र हात लावू नये असे सांगणे व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. वजन वाढवतो तो सणाचा एक दिवस नव्हे, तर सणानंतर आठवडाभर घरात राहणारे डबे. सोलापूरची शेंगापोळी याचे उत्तम उदाहरण आहे. दाण्याचा कूट आणि गूळ यांचे सारण असलेली ही पोळी आठ-दहा दिवस टिकते, म्हणून संक्रांतीला भरपूर लाटली जाते आणि नंतर सकाळच्या चहाबरोबर, चारच्या भुकेला, रात्रीच्या जेवणानंतर असा तिचा फन्ना उडतो. दाणे आणि गूळ दोन्ही कॅलरींनी भरलेले, त्यामुळे एक पोळी जवळजवळ छोट्या जेवणाइतकी होते. ती लाटतानाच लहान लाटावी, चार तुकडे करून डब्यात ठेवावी आणि एका वेळी एक तुकडा घ्यावा. पुरणपोळीच्या दिवशी पोळी हेच जेवण समजावे. तिच्यावर पुन्हा भात आणि साधी पोळी नको. कटाची आमटी, कोशिंबीर आणि एक चमचा तूप पुरे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, हुरड्याबरोबरचा गूळ आणि तिळगूळ एकामागून एक येतात, तेव्हा महिनाभर वजन वाढले नाही तरी ते यशच मानावे. वजन उतरवण्याचा मोठा टप्पा फेब्रुवारी किंवा जूनमध्ये, सण विरळ असताना हाती घ्यावा.

पाहुणचारात नाही म्हणणे अवघड जाते. ‘एकाने काय होतंय, घ्या’ असा आग्रह होतो आणि यजमानाचे मन मोडवत नाही. ताट वाढण्याआधीच अर्धाच तुकडा किंवा अर्धी वाटी सांगावी. वाढून झाल्यावरचा नकार जास्त लागतो. लग्नसराईत जेवणाची सुरुवात भाजी-कोशिंबिरीने करावी आणि गोड शेवटी, एकच निवडून घ्यावे.

उपवासाचाही विचार करावा लागतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू आणि साखर घातलेले दूध असा उपवास रोजच्या जेवणापेक्षा जड होतो. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, काकडी, एखादे फळ आणि ताक एवढ्यावर दिवस चांगला निभतो.

साखर तोडली की पहिले काही दिवस चारच्या सुमारास हमखास भूक लागते. ही भूक मारत बसू नये. जेवणातच तिची सोय करावी. या भागाची ज्वारी त्याला फार उपयोगी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भाकरीतल्या तंतुमय भागामुळे ती सावकाश पचते आणि पोट बराच वेळ भरलेले राहते. भाकरीबरोबर मटकी, हुलगा किंवा तुरीचे घट्ट वरण, अंबाडी-मेथीसारखी पालेभाजी, कच्चा कांदा, काकडी आणि ताक असेल तर चारची भूक आपोआप लांबते. खाणाऱ्यांनी अंडी घ्यावीत. पण दोन ठिकाणी भान ठेवावे. कडक भाकरी हाताला हलकी लागते, म्हणून सहज दोन-तीन खाल्ल्या जातात. तिच्यातले पाणी उडालेले असते, पीठ तेवढेच असते. आणि शेंगा चटणी पौष्टिक असली तरी शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या पुढे कॅलरी असतात. चटणी चमचाभर घ्यावी, वाटीने नाही, आणि तिच्यावर तेलाची धार नको.

आता चालण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. वजन उतरवायचे असेल तर या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे जावे लागते : आठवड्याला २५० मिनिटे, म्हणजे सहा दिवस चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. पहिल्याच दिवशी तासभर चालून गुडघे धरून बसण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश, मधली झपझप. मिनिटाला साधारण १०० पावले पडली की गती मध्यम झाली. मोजदाद नको असेल तर सोपी खूण अशी, की चालताना सोबत्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. गप्पांच्या नादात गती ढिली पडते, म्हणून सोबती आपल्याहून किंचित वेगाने चालणारा असावा.

रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते. नंतरच्या अभ्यासांत सात-आठ हजार पावलांपर्यंत आरोग्याचा फायदा झपाट्याने वाढतो आणि पुढे मंदावतो असे दिसले. ज्यांची सध्या तीन हजारही होत नाहीत, त्यांनी दहा हजारांच्या धास्तीने बसून राहू नये. पाच हजारांवर गेले तरी फरक पडतो.

सोलापुरात चालण्याचे वेळापत्रक ऊन ठरवते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे राहतो आणि काही दिवस ४३-४४ अंशांपर्यंत जातो. या दोन-अडीच महिन्यांत साडेपाचला घर सोडावे आणि सातच्या आत परतावे. संध्याकाळी ऊन उतरले तरी डांबरी रस्ते आणि सिमेंटच्या भिंती तापलेल्याच असतात, म्हणून आठच्या आत निघू नये. निघताना ग्लासभर पाणी प्यावे, अर्धा लिटरची बाटली बरोबर घ्यावी, डोक्यावर टोपी किंवा पंचा असावा. डोके दुखणे, मळमळ, चक्कर किंवा घाम अचानक थांबणे ही उन्हाच्या त्रासाची लक्षणे आहेत. तिथेच सावलीत बसावे, अंगावर पाणी घ्यावे आणि मदत मागावी. हिवाळ्यात उजाडायला सात वाजतात. तेव्हा अंधारात वाहत्या रस्त्यावर चालण्यापेक्षा वेळ पुढे ढकलावी.

जागेची अडचण या शहरात तुलनेने कमी आहे. होम मैदान, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, विजापूर रोडवरचा संभाजी तलाव आणि सिद्धेश्वर वनविहार या ठिकाणी सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते. जानेवारीत होम मैदान यात्रेच्या दुकानांनी भरते, तेवढ्या काळापुरती दुसरी जागा आधीच ठरवून ठेवावी, नाहीतर खंड पडतो आणि लांबतो. भटक्या कुत्र्यांची किंवा एकटे जाण्याची भीती वाटत असेल तर गल्लीतल्या तिघी-चौघींनी मिळून निघावे. तेही जमत नसेल तर गच्चीवर चालण्यात काही कमीपणा नाही.

दिवसभर एका जागी बसून काम करणाऱ्यांसाठी सकाळचे चालणे पुरत नाही. विड्या वळणाऱ्या स्त्रिया तासन्‌तास मांडी घालून बसतात, शिलाई करणारे यंत्रासमोर आणि दुकानदार गल्ल्यावर. त्यांनी दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली रक्तातील साखरेची उसळी कमी करते. रात्रीच्या जेवणानंतर ती विशेष उपयोगी पडते, कारण एरवी लगेच आडवे होण्याची सवय असते. जवळच्या कामासाठी गाडी न काढणे हाही चालण्याचाच भाग. भाजी, दळण, मुलांची शाळा यांतून दिवसाचे दोन-अडीच हजार पावलांचे अंतर सहज निघते.

या साध्या उपायांचा गुण भारतात तपासला गेलेला आहे. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला रोज किमान अर्धा तास चालायला आणि साखर, मैदा, तेल-तूप कमी करायला सांगितले होते, त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी आढळले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काटा हलत नसला तरी आत काही चांगले घडत असते, याला यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

काटा अडतोच. पहिल्या पंधरवड्यात बरेचसे पाणी जाते म्हणून वजन भरभर उतरते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते एका आकड्यावर थांबते. अशा वेळी जेवण आणखी तोडू नये. आधी आठ दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वहीत लिहावी. हळूच परतलेला अर्धा चमचा आणि ‘चवीपुरता’ घेतलेला लाडू त्यात सापडतो. मग चालण्याची वेळ दहा मिनिटांनी वाढवावी आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर असे स्नायूंचे व्यायाम घालावेत. मूळ वजनाच्या पाच ते सात टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसतो. ८० किलोच्या माणसाला हे ४ ते साडेपाच किलो होतात. त्यासाठी सहा महिने द्यावेत. वजन उतरल्यावर चालणे थांबवले तर ते परत येते. बरेच वजन उतरवून वर्षानुवर्षे टिकवणाऱ्यांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांच्यात रोज सुमारे तासभर व्यायाम ही सवय सर्रास आढळते आणि त्यात चालणे सर्वाधिक आहे.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. छातीत दुखणे, थोडे चालल्यावर धाप लागणे, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गुडघ्यांची सूज असणारे आणि गरोदर स्त्रिया यांचा त्यात समावेश होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोड तोडून चालणे वाढवले तर साखर एकदम खाली येऊ शकते. औषधाचे प्रमाण आधी बदलून घ्यावे आणि चालताना खिशात ग्लुकोज किंवा तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, घाबरल्यासारखे होणे असे वाटताच ती खावी. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी चालू नये. सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा असो की पंढरीची वाट, पायात पादत्राण असलेच पाहिजे, कारण तापलेल्या डांबराचा चटका त्यांना कळतच नाही. चालून आल्यावर तळवे रोज पाहावेत. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाऊल थोडे सुजलेले असते आणि त्या मापाचा बूट सकाळी बोचत नाही.

आणि एक. काहीही न बदलता वजन झपाट्याने उतरू लागले, त्याबरोबर सतत तहान लागणे, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठणे, थकवा अशी लक्षणे असली, तर तो चालण्याचा परिणाम समजून आनंद मानू नये. ही वाढलेल्या मधुमेहाची लक्षणे असू शकतात. त्याच आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलात किंवा जवळच्या दवाखान्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी.